दोन मीटरला पास

१ जानेवारी, दुपारी
उठलो. डोकं जड. संकल्प: दारू बंद, तळकट बंद, रोज ट्रेनिंग. वय तेहतीस, म्हणजे उंच उडीत ऐन बहर. प्रांताच्या टीममधली माझी जागा यंदा कुणाचा बाप हलवू शकत नाही.

७ जानेवारी
आमचा रशियन ख्रिसमस, जुन्या पंचांगाप्रमाणे. सासूबाईंनी पेल्मेनी केले, म्हणजे खिमा भरलेल्या उकडीच्या करंज्या. नाही म्हटलं तर महिनाभर बोलत नाहीत. तसं झालं असतं तर बरंच, पण खाऊन बसलो.

१४ जानेवारी
आज जुन्या पंचांगाचं नवीन वर्ष. म्हणजे खरं वर्ष आजपासून. मधले दिवस धरायचेच नाहीत. संकल्प उद्यापासून, आज पाहुणे आहेत.

२३ जानेवारी
बसमध्ये एका बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, तुम्ही उंच आहात, ती वरची खिडकी लावा, वारा लागतोय. ओळख लपवायची ही एक तऱ्हा. लोकप्रियता म्हणजे ताप आहे नुसता.

२ फेब्रुवारी
गाण्यावरच्या उड्यांची स्पर्धा जवळ आली. ज्याची उडी त्याचं गाणं स्पीकरवर, त्याच्या तालावर लोकांच्या टाळ्या. कोच फाइना ल्वोव्नांनी बजावलं: टीममध्ये राहायचं तर दोन मीटर ओलांड, बाकी थेरं नकोत. दोन मीटर! झोपेत ओलांडीन. दोन वर्षांत ओलांडलेले नाहीत, पण ते पाठीमुळे.

९ फेब्रुवारी
ट्रेनिंग नाही. गाणं निवडतोय. बायको म्हणाली, धावण्याची लय बसव आधी. रिमाला कलेतलं काही कळत नाही.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
हॉल गच्च. माझं गाणं लागलं आणि लोक पेटले. दोन आज्या उठून नाचल्या. एवढ्या लोकांसमोर दोन मीटरसारखी पोरकट उंची? शोभत नाही. हात वर करून 'पास' म्हटलं, म्हणजे ती उंची सोडून थेट वरची. लोक आणखी ओरडले. पुढच्या उंचीलाही पास.

फाइना ल्वोव्ना कठड्यापाशी आल्या. "व्हेन्या, टाळ्यांनी दांडी खाली येत नाही."

जुनी माणसं. दोन मीटर दहा सेंटिमीटरला उतरलो. तीन उड्या, तिन्ही वेळा दांडी माझ्यासकट गादीवर. ती ढिली बसवली होती, तक्रार करणार आहे. नियम असा की सोडलेल्या उंचीला परत जाता येत नाही. नावापुढे काहीच लागलं नाही.

१७ फेब्रुवारी
टीम जाहीर. माझ्या जागी ग्लेब स्तेपानोविच. दातांचा डॉक्टर, चाळिशी उलटलेली, हौसेनं उड्या मारतो. गाणं कसलं, तर अंगाई! बरोब्बर दोन मीटर मारले आणि दवाखाना उघडायला गेला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रिमानं बटाटे तळून समोर ठेवले. सगळे खाल्ले.

२१ फेब्रुवारी
आयोजकांचा फोन! माझं गाणं गावभर सगळ्यांच्या तोंडी आहे, पुढच्या वर्षी तुम्ही हवेतच, म्हणाले. मी म्हटलं, दोन वीसपासून सुरू करीन. तर ते म्हणाले, उड्या राहू द्यात, व्हेन्यामिन अर्काद्येविच, तुम्हाला गाण्यांची जाण आहे, सगळ्यांची गाणी तुम्हीच लावा.

म्हणजे प्रमोशनच. लगेच हो म्हटलं. अट एकच घातली: माझं टेबल दांडीच्या बाजूला, लोकांना दिसेल असं हवं.

टेबल पडद्यामागे असतं म्हणाले.