मागची ठकठक

कोंढाळीजवळच्या ढाब्यावरून

साळेबुवा ताराचंद यांस वाडीच्या मनोहररावाचा रामराम.

तुमचा गुडघा, वहिनींची शुगर आणि तुमची म्हैस, तिन्ही ठिकाणी सगळं ठीक असेल अशी आशा. आम्ही दोघं या ओळीपर्यंत सुखरूप आहोत, पुढच्या ओळीचं सांगवत नाही. (फोन केला असता, पण भ्यालो की माझा आवाज चिरका होतो आणि तुमची बहीण हातभर अंतरावर आहे. म्हणून दुर्गेश ड्रायव्हर सिमेंट घेऊन तुमच्या गावाकडे निघाला, त्याच्या हाती ही चिठ्ठी.)

जुन्या ट्रकवर मी खोली बसवून घेतली, ते तुम्ही पाहिलंच आहे. पलंग, शेगडी, खिडकीला पडदा. पण तुमच्या बहिणीला, जयवंताला, पंख्याशिवाय झोप नाही, म्हणून जनरेटर आला. तो ठेवावा कुठं? आत ठेवला तर धुरानं आपणच कायमचे झोपू, छपरावर ठेवला तर पहिल्याच झाडाची फांदी त्याला उतरवून घेईल. शेवटी मागच्या बाजूला, पलंगाच्या भिंतीबाहेर, लोखंडी पेटी जोडून घेतली. वेल्डर म्हणाला, "काका, ट्रक पडन, पण हे नाही पडत!" लकडगंजात हमाली करत होतो तेव्हापासून पाहतो, असं बोलणाऱ्याचाच माल रस्त्यावर सापडतो.

चिखलदऱ्याला निघताना जयवंतानं मशीनची पूजा केली. नारळ मी फोडू दिला नाही (पाणी वायरीत जाईल). "मंग देवाचा आधार कसा भेटन त्याले?" एवढंच ती म्हणाली आणि नारळ घेऊन गेली.

बाजारगाव मागं पडलं आणि आवाज आला, ठक. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. गाडी फाटकात शिरताच तिच्या स्प्रिंगचा कोणता पट्टा तुटला हे मी चहा पिता पिता सांगतो. माझा गाड्या दुरुस्तीचा धंदा त्यावरच उभा राहिला. पण आज या कानांनी माझा जीव काढला. खड्डा आला की ठक. पेटीत जनरेटर, जनरेटरात काठोकाठ पेट्रोल (टाकी रिकामी करून निघायचं असतं, हे तेव्हा आठवलं) आणि पत्र्याच्या अलीकडे तुमची बहीण आडवी! उतरून पेटीचे बोल्ट पाहिले. घट्ट. निघालो, पुन्हा ठक. म्हटलं, पुढं येऊन बस. "काहून? मी मस्त पडून राहिली ना! अन् तुमचं तोंड काहून असं उतरलं?" ऊन लागलं म्हणालो. घाम मात्र थंडगार येत होता.

शेवटी या ढाब्यावर पेटीच उघडली. मशीन आणि पत्रा यांच्या मधे अख्खा नारळ! देवाचा आधार! मी इतका हसलो की ढाबेवाला पाणी घेऊन धावला. नारळ तिच्या हाती दिला, गाडी काढली. ठक बंद. पण ढाब्याचं आवार ओलांडलं नाही तोच पेटीत मशीन सरकलं, खर्रर्र.

साळेबुवा, मशीनच्या पायांचे चारही नट केव्हाच गळून गेले होते. एवढा रस्ता त्या धुडाला नारळानंच धरून ठेवलं होतं.

बाकी क्षेम. पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
मनोहर

ता. क. ट्रॅक्टर घेऊन या आणि शेतावर पाहिजे म्हणून जनरेटर मागा. मी तिच्यासमोर आढेवेढे घेईन, ऐकू नका.

आणखी एक ता. क. ती आत्ताच म्हणाली, पंखा नाही तर चिखलदराही नाही. तेव्हा ट्रॅक्टर राहू द्या, चार नट आणा. नट नाही मिळाले तरी निभेल. नारळ मात्र आणाच, मोठा, शेंडीसकट. पहिल्याची तिनं चटणी वाटली.