बिनखळ्याची बशी

५ जानेवारी
आले एकदाची! भाऊजींनी माझी ट्रंक स्वतः वर चढवली आणि धापा टाकत विचारलं, वहिनी, दगड भरलेत की काय? मला रस्त्याकडची खोली दिलीय. खाली सायकलवाल्याचा पंप फुसफुसतो, समोर इस्त्रीवाला. न्हाणीघर माझं आणि धाकट्या जावेचं एकच. धाकटी म्हणजे नुसती साखर. माझ्या उशीला आपला अभ्रा घालून गेली. इतकी वर्षं एकटीने काढली, आता माणसांत आले. जीव सुपाएवढा झाला.

११ जानेवारी
धाकटीला लघवीला जळजळ. झालं, सगळं घर तिच्या दिमतीला! भाऊजी पाण्याचा तांब्या घेऊन उभे, लेकीचे फोनवर फोन. मलाही तेच होतंय म्हटलं, तर भाऊजी हसले: वहिनी, जावाजावांचं फारच जुळलं की! मला हसू आलं नाही. दुखण्याचाही हेवा वाटावा, हे वयाला शोभत नाही. पण वाटतोय.

१२ जानेवारी
धाकटीला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ती म्हणाली, ताई, तुम्ही कशाला दवाखान्याच्या पायऱ्या चढता, दुखणं एकच तर गोळीही एकच. कात्रीने पाकीट मधोमध कापलं आणि अर्धं माझ्या हातात ठेवलं. पुतणी, म्हणजे धाकटीची लेक, लॅबमध्ये जंतूंचंच काम करते, तिला कळलं तर ओरडेल, म्हणून दोघींच्या तोंडाला कुलूप. पण मला बाई फार गोड वाटलं. या घरात पहिल्यांदा मला तिच्याइतकंच मिळालं.

२० जानेवारी
गोळ्यांनी दोघींना बरं वाटलं होतं. आता दोघींचं परत सुरू. माझं तर पाठीतल्या कळेसकट. पुतणीने दोघींची लघवी तपासायला नेली.

२३ जानेवारी
पुतणीने मोबाइलवर दोन बशा दाखवल्या. बशीत जंतू वाढवतात, वर औषधात भिजवलेल्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडलं, तर टिकलीभोवती चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं. धाकटीच्या बशीत टिकलीटिकलीला खळं. माझ्या बशीत नुसती जंतूंची साय, टिकलीच्या काठापर्यंत.
कात्रीची गोष्ट शेवटी सांगावी लागली. पुतणी ओरडलीच नाही. अर्ध्या औषधाने कच्चे मेले, चिवट उरले, तेच माजले, म्हणाली. मग हिचे कसे नाही माजले? म्हणाली, नशीब.
नशीबसुद्धा धाकटीलाच!
देवा, एकदा तिची बशी माझ्यासारखी होऊ दे.

२६ जानेवारी
दवाखान्यात. थंडी भरते, दात वाजतात. एकच इंजेक्शन लागू पडेल, ते बाहेरून मागवलंय. धाकटी हलत नाही. माझं भांडं तीच काढते, माझ्याच टॉवेलला हात पुसते. नको गं म्हणावं —
म्हटलं नाही.

२८
भिंतीवर साय धरलीय. भाऊजी म्हणतात चुना आहे, वहिनी. चुना असा सरकतो?

२९
शेजारच्या खाटेवर कुणाला तरी आणलं. अंगावर धाकटीची शाल. पुतणीने फोन पुढे केला — बशी. खळं नाही. माझी का, विचारलं. रडली. आईची, म्हणाली. तुझेच जंतू तिच्यात गेले, काकू.
मीच मागितलं होतं —

३०
इंजेक्शन आलं. एकीपुरतं. दुसरं उद्या येईल म्हणतात. उद्या —
सिस्टर दोन खाटांमध्ये उभी आहे. डॉक्टर विचारतात, जास्त त्रास कुणाला. धाकटी बोट दाखवतेय. माझ्याकडे. इथेही तीच मोठी!
मी म्हणायला हवं, तिला द्या. म्हणते. आत्ता म्हणते. ओठ हलताहेत, पण सिस्टरला ऐकू जातंय ते — मला, मला —