कातडं पांघरलेलं वासरू

मोंटाना, ११ फेब्रुवारी

लाडक्या लविना,

आपल्या इडाच्या शाळेपायी तुम्ही दोघी शहरात गेलात, त्याला तीन महिने झाले. तुझा खोकला कसा आहे? नुसतं ‘सगळं ठीक’ लिहू नकोस.

इथे गुडघाभर बर्फ आहे. सकाळी कुऱ्हाडीने ओढ्यावरचा बर्फ फोडतो, गायींना गवत टाकतो, घोड्यांशी गप्पा मारतो. डाव्या हाताची दोन बोटं थंडीने काळसर झालीत, पण दुखत नाहीत, म्हणजे ठीकच असणार.

सोमवारी पांढऱ्या तोंडाच्या गायीचं वासरू थंडीने गेलं. त्याच दिवशी दुसरी एक गाय विताना मेली. तिचं वासरू मात्र जगलं. मग मेलेल्या वासराचं कातडं काढून त्या पोरक्याच्या पाठीवर बांधलं. पांढऱ्या तोंडाची आधी लाथा झाडत होती. मग त्याला हुंगत राहिली, आणि एकदम पान्हा सोडला की गं!

शेजारचा हॅल्वर कुंपणापाशी उभा होता. म्हणाला, “बिचारीला फसवलंस की रे, लेका!”

मी म्हटलं, “तिला वासरू मिळालं, त्याला आई. मग फसलं कोण?”

तुझा जुना तपकिरी कोट टपालवाल्याबरोबर पाठव म्हणालीस. तो नाही पाठवत. तिकडे दुसरा घे. तो शेगडीजवळच्या खुंटीला टांगलाय. बाहेरून आलो की आधी त्यात तोंड खुपसतो, मगच घास घशाखाली उतरतो.

हॅल्वरला कळू देऊ नकोस.

शाळा सुटायची वाट बघणारा,
ऑरिन