जिभेवरची माती

आई, आज पुन्हा एका सभेत मातीवर बोलून आलो. लोक उठून उभे राहिले, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर माझे दोन्ही हात कपाळाला लावले. घरी येऊन पाय धुताना टाचेला लागलेला चिखल दिसला आणि तुझी टाच आठवली. मग जेवण तसंच झाकून ठेवलं आणि कागद घेऊन बसलो.

कोलशेतच्या खाडीला लागून आपलं शेत. खारं पाणी आणि भात यांच्यामध्ये कमरेएवढा मातीचा बांध, एवढीच काय ती आड. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण ओसरलं की तू त्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतेस, मी मागे. खेकड्याचं बीळ दिसलं की त्यात ओला चिखल कोंबतेस आणि टाचेने दाबतेस. एवढ्याशा भोकाने काय होतं, असं मी विचारतो. तू म्हणतेस, "आज त्यान तुझा आंगठा जातंय, उद्या होडी जाईल." शिमगा झाला की दर घरचं एक माणूस ओहोटीला खाडीत उतरायचं. चिखलाचे गोळे हातोहात वर यायचे, त्यात पेंढा घालून बांध थापला जायचा. या कामाला मजुरी नव्हती आणि कोणाचा हुकूमही नव्हता. आपल्या आजोबांनी केलं म्हणून आपण, आणि आपण केलं म्हणून पुढचे.

आणि मग मी बोलायला शिकलो. देश नुकताच स्वतंत्र झालेला, ठाण्याच्या वाचनालयातली कपाटं मी एकामागून एक संपवत होतो. त्या शिमग्याला देवळासमोर उभं राहून मी म्हणालो, "जमीन मालकाची, बांध मालकाचा, पिकातला अर्धा वाटा मालकाचा, मग चिखल तेवढा आमचा का? ही वेठ आहे! या वर्षी मालकाने मजूर लावावेत, नाहीतर बांध पडू दे!" केवढ्या टाळ्या पडल्या! माझं म्हणणं खोटं नव्हतं, आई. तीच तर सगळी पंचाईत झाली.

संध्याकाळी तू चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होतीस. "बरा बोललास," म्हणालीस. मी फुशारून पाटावर बसलो. भाकरी उलटून झाल्यावर तू पुढचं बोललीस. "मालक ठान्याला माडीवर र्‍हातं रं बाला. त्याचे घरान पानी नाय जायाचा."

"आई, हा हक्काचा प्रश्न आहे."

"मग माग ना हक्क. मी पन येतंय तुझे संगती. पन बांदावर चिखल थापून माग."

मी हसलो. "तुला यातलं कळत नाही," असं मी तुला म्हणालो. तू भाकरी माझ्या ताटात टाकलीस आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलंस. मालकाने मजूर लावले नाहीत. आम्हीही गेलो नाही. एक दिवस तू एकटीच टोपली घेऊन निघालीस, तेव्हा मी दारात आडवा झालो. "लोक काय म्हणतील? पुढाऱ्याचीच आई फुटली?" तू माझ्याकडे पाहिलंस, टोपली उपडी करून भिंतीशी ठेवलीस. बांध सोडला त्याहून मला हे जास्त सलतं. तू माझं ऐकलंस.

श्रावणातल्या पौर्णिमेला, भर दुपारी, उधाणाने बांध फोडला. आम्ही पोचलो तेव्हा बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि खाडी गुडघाभर वाढलेल्या भातात शिरत होती. पाण्याला घाई अशी नव्हतीच, ते सावकाश पसरत होतं. शेजारचे काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "ये पुढारी," म्हणाले, "दर्याला पन सांग ना दोन शबुद!" कोणी हसलं नाही. चार दिवसांत भात मुळापासून पिवळा पडला. पाऊस सरला तेव्हा सगळ्या शेतावर पीठ सांडावं तसं मीठ फुललं होतं. थंडीत काका काकूला घेऊन कल्याणकडच्या दगडखाणीवर गेले, ते परतलेच नाहीत. त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच राहिलं.

तू मात्र बांध फुटला त्याच्या पुढच्याच ओहोटीला टोपली घेतली होतीस. या वेळी मी मागून आलो, मग एकेक करून गाव आलं. बांध उभा राहिला, पण माती मेली होती. दर पावसाळ्यात तू शेतात गोडं पाणी तुंबवायचीस, आठवडाभर मुरू द्यायचीस आणि ओहोटीला बांधाची झडप उघडून ते खाडीत सोडायचीस. पुन्हा तुंबवायचं, पुन्हा सोडायचं. पाऊस गेला की शेताच्या चार कोपऱ्यांतून चिमूट चिमूट माती उचलून जिभेवर ठेवायचीस, थुंकायचीस. "खारी हाय अजून." एवढंच. वर्षामागून वर्ष तेवढंच. मला एकदाही बोलली नाहीस. मग कायदा झाला, कुळांच्या नावावर जमिनी झाल्या. मी तो उतारा नाचवत घरात शिरलो. तू पदराला हात पुसलेस, कागद उलटसुलट पाहिलास आणि परत दिलास. "कागुद गोड हाय," म्हणालीस. "माती अजून खारीच."

त्यानंतरच्या वैशाखात तू अंथरूण धरलंस. एका सकाळी म्हणालीस, "बाला, जरा माती आन. खाडीकडचे कोपऱ्यातली." मी गेलो. तू ती केळीच्या पानावरून चिमटीत घेतलीस, जिभेवर ठेवलीस, बराच वेळ डोळे मिटून होतीस. मग माझ्याकडे पाहून म्हणालीस, "मीठ नाय आता." आणि थोड्या वेळाने, "बांद नको सोडू." दोन दिवसांनी गेलीस. त्या कोपऱ्यात भात उभा राहायला आणखी तीन पावसाळे लागले.

तेव्हापासून मी गावोगाव बोलतो. मालकाशी भांडा, सरकारशी भांडा, पण बांधावरचा हात काढू नका. गेलेली माती भाषणाने परत येत नाही, असं गरजून सांगतो. आपला बांध मी कसा फोडला, ते मात्र कधी सांगत नाही. लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून पाहायची माझी सवय. हा कागद मी मनातल्या मनातच वाचला, आणि घडी करून तुझ्या टोपलीत ठेवणार आहे.

त्या सकाळी मी शेतावर गेलो होतो, हे खरं. खाडीकडच्या कोपऱ्यात वाकलो, मातीवरची पांढरी साय पाहिली आणि मला ती उचलवेना. परत आलो आणि आपल्या परसातल्या केळीच्या बुंध्याची माती पानावर घेतली. तुला ओळखू आली नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण त्या केळीला चुलीतली राख रोज तूच घालायचीस, आई.