चढती फेरी सरकारी

४ जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

खर्च-पुनर्विचार समितीचा अहवाल मंजूर झाला. मसुदा माझा. सरकारने सगळंच अंगावर घेऊ नये, एवढंच सार. सुरुवात तू चालवतेस त्या लिफ्टपासून. खालच्या पेठेतून टेकडीवरच्या इस्पितळात चढणं ही गरज. ती फेरी सरकारी. उतरणं ही निव्वळ सोय, ती कंपनीकडे. तुझी नोकरी शाबूत, वर धनी दोन. आईस शि. सा. न. लोभ वाढवावा, त्याला तरतूद लागत नाही.

तुझा दादा

१९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चढताना सरकारी निळी टोपी घालायची, वर पोचले की कंपनीची पिवळी. आठवडाभर मजा वाटली. पण उतरायला पैसे कोण देतो? लोक गप्पा मारत पायऱ्यांनी येतात. रिकामी फेरी परवडत नाही म्हणून कंपनीने लिफ्ट वरच ठेवली आणि किल्ली काढून घेतली. सरकारी साहेब म्हणतात, चढवायला आम्ही एका पायावर तयार, आधी ती खाली येऊ दे. आईचं डायलिसिस चुकवून चालत नाही. शेजारचा सुतार आणि मी तिला खुर्चीत बसवून नेतो. वाटेत ती आम्हालाच धीर देते. लोभ दोन्ही दिशांनी असावा.

छकुली

२७ जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र समितीत वाचलं. घरचं काम वाटू नये म्हणून आईचा उल्लेख गाळला. सगळ्यांना पटलं. रिकाम्या फेरीसाठी कंपनीला अनुदान मिळेल. ते जुन्या खर्चाहून जास्त आहे, पण तो खर्च होता, ही गुंतवणूक आहे. मात्र लिफ्ट खाली आल्यावरच अर्ज करता येईल. तोवर सांभाळून घ्या. लोभ आहेच.

दादा

६ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल सुताराचा पाय घसरला. आई थोडक्यात वाचली. तिथेच पायरीवर बसून तिने सांगितलं, आता थोरल्याकडे राहायचं. तुझ्या वसाहतीत सरकारी दवाखाना आहे आणि लिफ्ट खालीही येते, ही चौकशी तिने आधीच केली होती. परवा पोचवते. वहिनीला सांग. लोभ असू दे, लागेल.

छकुली

११ जुलै

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तू आईला सोडून गेलीस त्याच दुपारी समितीची तातडीची बैठक झाली. लिफ्ट दोन्ही दिशांनी सरकारनेच चालवावी, यावर एकमत झालं. सार्वजनिक गुंतवणुकीचा इतका खोल विचार आजवर झाला नव्हता, असं अध्यक्ष म्हणाले. आईला आदेश वाचून दाखवला आणि म्हटलं, आता निश्चिंत परत जा. ती म्हणाली, मी गेले की तू पुन्हा विचार करायला लागशील; मी इथेच बरी.

दादा