प्रात्यक्षिकासह व्याख्यान

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती ठणठणीत असेल, हे मी गृहीतच धरते; एका घरात एका वेळी एकानेच आजारी पडावे, असा माझा दंडक आहे.

माझ्या गाठीवरचे उपचार सुरू झाल्याचे तुला ठाऊक आहेच. (डॉक्टर म्हणाले, बरे होण्याची शक्यता चांगली आहे. चांगली म्हणजे शंभरात किती, असे विचारताच ते चष्मा पुसू लागले. माझ्या शाळेत असा शिक्षक मी टिकू दिला नसता.) सलाईनच्या खोलीत आम्ही चौघी ओळीने बसतो. बाकी तिघींना स्वतःच्या कॅन्सरची प्राथमिक माहितीही नाही, हे पाहून मला राहवेना. मी वर्गच घेतला. सांगितले, की शहाणी पेशी गरजेपुरतीच वाढते, थांब म्हटले की थांबते आणि दुरुस्तीपलीकडे बिघडली तर निमूटपणे स्वतःला संपवते. एखादी मात्र तिन्ही नियम धाब्यावर बसवून आपल्यासारखीच कार्टी वाढवत सुटते. (तुझी दहावीची तुकडी आठव.) आमच्या औषधाला चेहरे ओळखता येत नाहीत, जी पेशी भराभर वाढताना दिसेल, तिला ते झोडपते. म्हणून तोंड येते, पोट बिघडते, केस गळतात.

"मग बाई, तुमचे कसे शाबूत?" शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारले.

"जे केस जन्मात अंबाड्याबाहेर आले नाहीत, ते डोक्याबाहेर काय जातील!" असे म्हणून मी ठामपणे अंबाड्यावर हात ठेवला. तो अर्धा हातात आला.

"एवढं नीट समजावून कुणीच सांगितलं नव्हतं हो," शिंपीणबाई म्हणाल्या. तिघी हसल्या, नर्सही हसली. प्रात्यक्षिकावाचून व्याख्यान व्यर्थ, हे माझेच मत असल्याने मला रागावताही आले नाही.

उपचार अजून अर्धेही झालेले नाहीत. अशा डोक्याने मी उंबरा ओलांडणार नाही, असे डॉक्टरांना कळवले. मध्येच सोडलेत तर उरलेल्या पेशी पुन्हा माजतील, असे ते म्हणतात. माझाच धडा मला शिकवतात!

कळावे, लोभ आहेच, तो उगाच वाढवू नये.

तुझी ताई

ता. क. तुझ्या टकलाविषयी मी आजवर जे बोलले, ते वस्तुनिष्ठ निरीक्षण होते. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. फक्त तुझी ती मऊ टोपी कुठल्या दुकानातली, तेवढे कळव.

ता. ता. क. कळवू नकोस. मंगळवारी सकाळी टोपी घेऊनच ये आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चल. तू मात्र टोपी घालू नकोस. लोक बघणारच, तुझ्याकडे बघू देत.