डोंगराकडे तोंड केलेली सात वर्षं

३ मे २०१४, शनिवार

हैसम आला होता. शाळेच्या गालिच्यावर लोळणारं हे पोर – आता तिथलाच मुख्याध्यापक! शाळेला तीस वर्षं होतायत, पुस्तिका काढायची आहे, पहिलं प्रकरण मी लिहायचं. एक वाक्य त्याने घरूनच टाइप करून आणलं होतं: ‘नमाजाची दिशा १९८४ साली अबू ग़स्सान यांनी स्वतः काढली, आजही तीच आहे.’

छान वाक्य, माझंच नाव असलेलं. बकलावा खाऊन तो गेला, वाक्य टेबलावर राहिलं.

४ मे

खरं नाही ते.

कॅनडातल्या या हॅमिल्टनमध्ये आम्ही तेव्हा अकरा लेबनानी घरं. बंद पडलेली बेकरी भाड्याने घेतली, सतरा पोरं बसवली. पैसे सगळ्यांचेच, पण गालिचे घालणारा मी एकटा, म्हणून दिशाही माझ्याच गळ्यात पडली. भिंतीवर जगाचा नकाशा होता. हॅमिल्टन ते मक्का पट्टी ठेवली. आग्नेय – म्हणजे आमच्या डोंगराकडे. रांगांचे पट्टे त्या बाजूला करून गालिचा घातला आणि असा चिकटवला की सगळ्यांना सांगत सुटलो – माझं चिकटवलेलं निघत नाही!

७ मे

नात रीम पृथ्वीचा गोल घेऊन आली. तिला शाळेतून प्रकल्प दिलाय. दोरा ताणून म्हणाली, “जिद्दो, बघ की, गोलावरून जवळची वाट आधी वर, ईशान्येला जाते. तळ्याकडे.”

“बरोबर आहे तुझं,” म्हणालो.

विदादबाईंनी हेच दाखवलं होतं, १९९० साली. त्या तेव्हा मुख्याध्यापिका. असाच गोल, असाच दोरा. त्यांना मी म्हणालो होतो, “बाई, तुम्ही गणित शिकवा. गालिचा माझा आहे.”

नातीपुढे मान वाकली. बाईंपुढे वाकली नाही.

८ मे

ते वर्ष वाईट गेलं. एकाच खोलीत निम्मी पोरं डोंगराकडे वाकायची, निम्मी तळ्याकडे. डोकी आपटायची. बाप मंडळी दारात उभी राहून भांडायची. सहा घरांनी सांगितलं, जूनमध्ये पोरं काढतो. सहा घरं गेली असती तर शाळा संपली असती. मला कळत होतं. चूकही कळली होती. पण चांगला गालिचा उगाच कशाला उखडायचा, हेच पालुपद लावून बसलो.

१० मे

लिहून झालं. हैसमचं वाक्य काढून टाकलं.

सगळं लिहिलं – नकाशा, पट्टी, माझा हट्ट. त्या सात वर्षांच्या नमाजांचं काय, हे मी तेव्हाच इमामसाहेबांना हळूच विचारलं होतं. ते म्हणाले, “नेकीने केलेत, पोचले असतील. घरी जा, जेवा.”

आणि मग पाइप. फेब्रुवारी १९९१, सुट्टीचा आठवडा. बाईंचा फोन – थंडीने पाइप फुटला, गालिचा गेला. मी पोचलो तोवर पाइप दुरुस्तसुद्धा झालेला! बाईंचं काम चोखच. म्हणाल्या, “नवा घालणारच आहात, तर...” मी नवा तळ्याकडे घातला. कुणी विचारलं तर सांगायचो, पाणी शिरलं होतं. सहाही घरं राहिली. आज शाळेत तीनशे दहा पोरं आहेत.

प्रकरण संपवलं ते असं: अल्लाहचे आभार, आणि त्याने फोडलेल्या त्या पाइपाचे.

१५ मे

विदादबाईंकडे गेलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, भाचीकडे असतात. प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“पाइप फुटला नव्हता, अबू ग़स्सान.”

मी कागद खाली ठेवले.

“चौदा बादल्या ओतल्या मी,” बाई म्हणाल्या. “चारपाच पुरतील असं वाटलं होतं. पण तुमचं चिकटवलेलं निघेना.”